गाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

रात्रीच्या मालिका संपल्या की आमच्या अमळनेरच्या गल्लीत मावशीच्या ओट्यावर बायका जमतात. मावशी शिरपूरकडची, लग्न होऊन इथे आली त्याला आता पन्नास वर्षं होतील. आज कोणत्या सुनेने सासूला काय उत्तर दिलं, लीप घेतल्याबरोबर पाळण्यातली मुलगी कॉलेजात कशी गेली, नायकाची आई बदलली ती शोभते का, सगळ्याचा हिशेब या ओट्यावर होतो. कुणाच्या तरी मांडीवर निवडायची मेथी असते आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा असतो.

मध्यंतरी त्या मोबाइलवर एक क्लिप आली. सगळ्यांच्या आवडत्या मालिकेचं शीर्षकगीत. शब्द तेच, चालही तीच, पण आवाज लतादीदींचा. खाली लिहिलं होतं, दीदींच्या आवाजात ऐका, डोळे भरून येतील. एकदोघींचे आलेही. मावशीने क्लिप दोनदा लावली, मोबाइल कानाशी धरला आणि म्हणाली, "हाऊ आवाज तिना नही शे वं." गाणारं माणूस मध्ये कुठेतरी दम घेतं, ही घेतच नाही, एवढंच तिचं म्हणणं.

ती मालिका सुरू झाली त्याच्या आधीच, 6 फेब्रुवारी 2022 रोजी, दीदी गेल्या होत्या. म्हणजे हे गाणं त्यांनी गायलेलं असणं शक्यच नव्हतं. मग प्रश्न सुरू झाले. हे असं करायला परवानगी कोणी दिली? आवाज कोणाच्या मालकीचा असतो का? भाचीने साखरपुड्याच्या व्हिडिओला दीदींचं खरं गाणं लावलं तर आवाज बंद झाला, आणि ही खोटी क्लिप मात्र गावभर फिरते, हे कसं? त्या रात्री मला नीट उत्तरं देता आली नाहीत. नंतर शोधत गेलो, ते इथे मांडतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. लतादीदी खानदेशाला परक्या नाहीत. त्यांच्या आई शेवंती या आपल्या थाळनेरच्या, शिरपूर तालुक्यातल्या, तापीकाठच्या. आजोबा हरिदास लाड हे तिथले मोठे व्यापारी. आजीकडून दीदी लहानपणी गुजराती गरबे शिकल्या. मावशी त्यांचा उल्लेख करते तो घरच्या लेकीचा करावा तसा, आणि ती क्लिप तिला लागली ती त्यामुळेच.

एका गाण्याचे हिस्सेदार

आपण म्हणतो 'लताचं गाणं'. कायद्याच्या कागदावर एका गाण्यात किमान तीन वेगळ्या मिळकती असतात, आणि चौथी गायिकेची.

शेताचं उदाहरण घेऊ. जमीन एकाची, विहीर दुसऱ्याची, त्या दोन्हींच्या जोरावर केळीची बाग उभी केली तिसऱ्याने, आणि बागेत राबले चौथ्याचे हात. गाण्यात शब्द हे गीतकाराचे. चाल संगीतकाराची. आपल्या कायद्यात शब्द आणि चाल या दोन स्वतंत्र कृती धरतात. त्या दोन्हींवर स्टुडिओत जे रेकॉर्डिंग उभं राहिलं, ते ज्याने पैसा घालून करवून घेतलं त्याचं, बहुधा निर्मात्याचं किंवा रेकॉर्ड कंपनीचं. आणि गळा गायिकेचा.

या मिळकतीवरच्या हक्काला कॉपीराइट म्हणतात. नक्कल करण्याचा, विकण्याचा, लोकांपुढे वाजवण्याचा आणि दुसऱ्याला त्याची परवानगी देण्याचा हा हक्क. आपला कायदा 1957 सालचा आहे. शेत विकता येतं तसा हा हक्कही विकता येतो. सिनेमाच्या गाण्यांत शब्द आणि चाल बहुतेक वेळा आधी निर्मात्याकडे आणि त्याच्याकडून कंपनीकडे गेली. त्यामुळे उताऱ्यावर आज कंपनीचं नाव दिसतं. मुदत मात्र मोजायची ती ज्याने लिहिलं, ज्याने चाल बांधली, त्याच्या आयुष्यावरून.

एक उतारा काढून पाहू

'साधी माणसं' हा भालजी पेंढारकरांचा सिनेमा 1965 सालचा. त्यातलं 'ऐरणीच्या देवा' माहीत नाही असं मराठी घर विरळा. शब्द जगदीश खेबुडकरांचे. संगीत 'आनंदघन' यांचं, आणि आनंदघन हे लतादीदींनीच संगीतकार म्हणून घेतलेलं नाव. म्हणजे इथे दीदी दोन ठिकाणी आहेत, गळ्यातही आणि चालीतही.

नियम असा की शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर, पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं चालतो. खेबुडकर 2011 मध्ये गेले, तेव्हा शब्दांचा हक्क 2071 च्या अखेरपर्यंत. दीदी 2022 मध्ये गेल्या, तेव्हा चालीचा हक्क 2082 च्या अखेरपर्यंत. रेकॉर्डिंगची मोजणी वेगळी. तिथे माणसाच्या आयुष्याचा संबंध नाही, रेकॉर्ड प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. रेकॉर्ड सिनेमाबरोबरच 1965 मध्ये निघाली असं धरलं, तर तिची मुदत 31 डिसेंबर 2025 ला संपली.

एकाच गाण्याचा एक हिस्सा मोकळा झालाय आणि दोन अजून साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न वर्षं बांधलेले आहेत. केळीची बाग सगळ्यांची झाली तरी जमीन आणि विहीर मालकाची आहे, त्यामुळे आत शिरायला परवानगी लागतेच.

"एवढं जुनं गाणं, ते तर फुकट असेल"

हा गैरसमज इथेच मिटायला हवा. गाणं जुनं वाटतं म्हणून ते मोकळं होत नाही, प्रत्येक हिस्सा वेगळा मोजावा लागतो.

खरंच मोकळ्या झालेल्या शब्दांचं उदाहरण आपल्या जळगावातच आहे. बहिणाबाई चौधरी 3 डिसेंबर 1951 रोजी गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने 1952 मध्ये आली. लेखकाच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या कृतीची मुदत प्रसिद्धीपासून 60 वर्षं. म्हणजे 2013 पासून बहिणाबाईंचे शब्द सगळ्यांचे आहेत. असोद्याच्या मुलीने उद्या त्यांना स्वतःची नवी चाल लावून गायलं, तर तिला कोणाला विचारावं लागणार नाही. मात्र त्याच शब्दांना नंतरच्या एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल उचलली, तर ती चाल त्या संगीतकाराची आहे. खानदेशातल्या कानबाई देवीची परंपरागत गाणी तर कोणा एकाची नव्हतीच. पण त्यांचं तुम्ही केलेलं रेकॉर्डिंग तुमचं.

आणि इथे आमच्याकडे घडतं ते वेगळंच. माझ्या ओळखीच्या एका अहिराणी गायकाने श्रावणात कानबाईचं पारंपरिक गाणं स्वतः गाऊन, स्वतः वाद्यं जमवून इंटरनेटवर टाकलं. आठवडाभरात भलत्याच कोणीतरी त्यावर मालकी सांगितली आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळले. ते सोडवायला त्याला पाच महिने लागले. गाणं आजीच्या तोंडचं, गळा स्वतःचा, आणि पुरावा मागितला जातो त्यालाच. स्टुडिओची पावती आणि मूळ रेकॉर्डिंगची फाइल जपून ठेवा, एवढंच मी आमच्या प्रत्येक गाणाऱ्या पोराला सांगतो.

तीस सेकंदांपर्यंत चालतं, असंही अनेकजण छातीठोकपणे सांगतात. भारतीय कायद्यात तीस सेकंदांचा असा कोणताही नियम नाही. घरात स्वतःपुरतं, अभ्यासासाठी, समीक्षेसाठी वापरायला सवलत आहे, ती सेकंदांवर मोजलेली नाही.

मालिकेत दोनच ओळी का, आणि भाचीचं रील मुकं का

मालिकेचं शीर्षकगीत बहुधा मुद्दाम लिहून, चाल बांधून घेतलेलं असतं. 'आभाळमाया'चं शीर्षकगीत कानावर पडलं की अजून अनेक घरांत हातातलं काम थांबतं. अशोक पत्कींची चाल, देवकी पंडितांचा गळा. असं गाणं वाहिनीने स्वतःसाठी करून घेतलेलं असल्याने रोज वाजवायला अडचण नसते.

जुनं सिनेगीत प्रसंगाखाली वाजवायचं तर गोष्ट बदलते. चित्रावर गाणं बसवायला शब्द-चालीच्या मालकाची परवानगी वेगळी आणि त्याच रेकॉर्डिंगच्या मालकाची वेगळी. शिवाय ती परवानगी अमुक भागांसाठी, अमुक काळासाठी, फक्त टीव्हीवर की मोबाइलवरही, अशी बांधून दिलेली असते. म्हणून सून माहेरून परत येताना दीदींच्या दोन ओळी वाजतात आणि तिसरीला बासरी येते. पुष्कळदा मूळ रेकॉर्डिंग टाळून त्या ओळी दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतात, तेव्हा रेकॉर्डिंगवाल्याकडे जावं लागत नाही. टीव्हीवर पाहिलेल्या भागातलं गाणं नंतर मोबाइलवर पाहताना बदललेलं दिसतं, तेही बहुधा अशाच कारणाने.

भाचीच्या व्हिडिओवर कोणी माणूस पाळत ठेवून बसलेला नव्हता. कंपन्या आपली रेकॉर्डिंग यंत्राला देऊन ठेवतात आणि यंत्र प्रत्येक रेकॉर्डिंगचा एक ठसा बनवतं, बोटाच्या ठशासारखा. नवा व्हिडिओ आला की ठसा जुळवून पाहायचा. जुळला की आवाज बंद, नाहीतर जाहिरातीचे पैसे मालकाला. दीदींच्या खऱ्या रेकॉर्डिंगचा ठसा तिथे होता. खोट्या क्लिपचा कोणाशीच जुळत नव्हता, कारण तसं रेकॉर्डिंग जगात कधी झालंच नव्हतं. म्हणून खरं गाणं अडलं आणि खोटं सुटलं.

गायिकेच्या वाट्याला काय यायचं

1949 च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' गाजलं तेव्हा रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. ते सिनेमातल्या पात्राचं नाव. ही गाते कोण, असं विचारणारी पत्रं आकाशवाणीकडे जाऊ लागली, मग दीदींचं नाव सांगितलं गेलं. आज ज्या आवाजाची नक्कल करायला लोक धडपडतात, त्या आवाजाचं नावसुद्धा रेकॉर्डवर नव्हतं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला दीदींनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली. रॉयल्टी म्हणजे गाणं जितक्या वेळा कमाई करेल, तितक्या वेळा त्यातला वाटा. गाण्याचे पैसे एकदा मिळाले की हिशेब संपला, असं मोहम्मद रफींचं मत होतं. दोघांचं यावरून इतकं बिनसलं की काही वर्षं त्यांनी एकत्र गाणं थांबवलं. रफीसाहेबांची सचोटी मला पूर्ण मान्य आहे, पण या भांडणात मी दीदींच्या बाजूचा आहे. कापूस वेचणारीला दिवसाची मजुरी मिळते आणि पुढे त्याचं कापड किती वर्षं विकलं जातं, याचा तिच्याशी संबंध उरत नाही. गायिकेला त्या जागी बसवणं बरोबर नव्हतं.

गायकांचा स्वतंत्र हक्क कायद्यात आला तो 1994 च्या दुरुस्तीने. आज त्याची मुदत 50 वर्षं आहे. 2012 च्या दुरुस्तीने आणखी मोठं पाऊल पडलं. गीतकार आणि संगीतकारांनी बाकी सगळे हक्क विकले तरी सिनेमागृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा आता त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर लढले. पुढच्या वर्षी गायकांची रॉयल्टी गोळा करणारी संस्थाही उभी राहिली. दीदींनी हा वाद मांडला त्याला तेव्हा पन्नास वर्षं होत आली होती.

मशीन आवाज कसा उचलतं

पेटीवर 'सा' वाजवा आणि बासरीवर तोच 'सा' वाजवा. स्वर एकच, तरी डोळे मिटून कोणीही ओळखेल की हा पेटीचा आणि हा बासरीचा. कारण मुख्य स्वराबरोबर बारीक बारीक उपस्वर निघत असतात आणि त्यांचं मिश्रण प्रत्येक वाद्यात, प्रत्येक गळ्यात वेगळं असतं. त्याला आवाजाचा पोत म्हणू.

संगणकाला एका गळ्याचं भरपूर गाणं ऐकवलं की तो त्या पोताचं गणित शिकतो. मग दुसरंच कोणीतरी गाणं गातं आणि यंत्र त्या गाण्यावर शिकलेला पोत चढवतं. साडी तीच ठेवून रंग बदलावा, तसं. म्हणून बहुतेक क्लिपमध्ये सूर, लय, कुठे थांबायचं, हे सगळं त्या अनोळखी गाणाऱ्याचं असतं आणि वरचा रंग दीदींचा.

मावशीने दमावर बोट ठेवलं ते उगाच नव्हतं. अशा क्लिप तयार करताना श्वास पुष्कळदा खरखर समजून पुसला जातो किंवा भलत्या जागी पडतो. दीदींच्या गाण्यातही श्वास जाणवत नाही, पण ते वेगळं आहे. ओळीत कुठे दम घ्यायचा म्हणजे अर्थ तुटणार नाही, हे त्या अनिल विश्वासांकडून शिकल्या. त्यांच्या उर्दू उच्चारांना मराठी वास येतो असं दिलीपकुमार म्हणाले, तर त्यांनी शिक्षक लावून उर्दू गिरवली. निसर्गाने गळा दिला हे खरं, पण आपण ऐकतो तो आवाज कमावलेला आहे. माळरान मिळालं आणि त्याची बागायत केली, इतका फरक.

मग हा आवाज कोणाच्या मालकीचा?

गंमत नव्हे, मोठी अडचण इथे आहे. शब्दाला कॉपीराइट, चालीला, रेकॉर्डिंगला कॉपीराइट. नुसत्या आवाजाच्या पोताला मात्र कॉपीराइट नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, विहिरीच्या पाण्याच्या चवीची नसते.

त्यामुळे न्यायालयांनी दुसरा रस्ता काढलाय. माणसाचं नाव, चेहरा, आवाज, लकबी यांचा त्याच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापर होऊ नये, याला व्यक्तिमत्त्वाचे हक्क म्हणतात. त्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. खासगीपणाचा हक्क आणि आधीचे निकाल यांच्या आधाराने ते उभे आहेत. अरिजित सिंग यांचा आवाज यंत्राने बनवून देणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये रोखलं. 2025 मध्ये त्याच न्यायालयाने आशा भोसले यांच्या बाजूने तसाच आदेश दिला.

पण या दोन्ही प्रकरणांत दाद मागायला स्वतः गायक उभे होते. गेलेल्या माणसाचं काय? सुशांतसिंह राजपूत यांच्यावरच्या सिनेमाविरुद्ध त्यांचे वडील दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा 2023 मध्ये न्यायालयाने म्हटलं की असे हक्क माणसाबरोबरच संपतात, वारसांकडे जात नाहीत. म्हणजे धाकट्या बहिणीला जे संरक्षण मिळालं, ते थोरलीच्या आवाजाला मिळेलच असं नाही. वडिलांचं शेत मुलांना मिळतं, 'ऐरणीच्या देवा'ची चाल साठ वर्षं जपली जाते, आणि जो आवाज नसता तर त्या चालीला घराघरात कोणी नेलं नसतं, तो मात्र उघड्यावर. मला हे चुकीचं वाटतं. चालीसारखीच आवाजालाही मृत्यूनंतर काही वर्षांची मुदत हवी, आणि ती कायद्यात लिहिलेली हवी. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने 2024 मध्ये आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध कायदा केलाच आहे.

परवानगीचा रस्ता आपल्या देशातही कोणी दाखवला नाही असं नाही. 2024 च्या 'लाल सलाम' या तमिळ सिनेमात ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राच्या मदतीने वापरले, पण घरच्यांना विचारून आणि मोबदला देऊन. उलट एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज एका तेलुगू सिनेमात न विचारता वापरला, तेव्हा त्यांच्या मुलाने कायदेशीर नोटीस पाठवली.

"पण आम्ही प्रेमापोटी करतो"

ओट्यावर हा मुद्दा निघालाच, आणि तो खोटा नाही. ज्या मुलाने क्लिप केली असेल त्याला कदाचित दीदी खरंच आवडत असतील. पण क्लिपखाली 'दीदींच्या आवाजात' असं लिहिलं होतं, 'यंत्राने बनवलेलं' असं कुठेच नव्हतं. दीदी कोणतं गाणं घ्यायचं, कोणतं नाकारायचं याबद्दल फार काटेकोर होत्या. न पटणारे शब्द त्या गात नसत. आज त्यांच्या तोंडी शीर्षकगीत घातलं, उद्या गुटख्याची जाहिरात घालतील, परवा निवडणुकीचं गाणं. नाही म्हणायला त्या नाहीत.

मग ऑर्केस्ट्रात हुबेहूब लतासारख्या गाणाऱ्या मुली आहेत, त्यांना का चालतं, असं शेजारच्या वहिनींनी विचारलं. चांगला प्रश्न आहे. ती मुलगी तुमच्यासमोर उभी असते. तिचं नाव निवेदक सांगतो. सूर चुकला तर तिचा चुकतो, टाळी पडली तर तिला पडते. तिने स्वतःच्या गळ्यावर वर्षानुवर्षं मेहनत केलेली असते आणि ऐकणारा एकही माणूस फसत नाही.

लग्नाच्या वरातीचाही प्रश्न आला, कारण आमच्याकडे बँडशिवाय वरात निघत नाही. वरातीत आणि लग्नाच्या समारंभात गाणी वाजवायला कायद्यात स्पष्ट सूट आहे. तिथे कोणी परवाना मागायला आलं तर ही सूट दाखवा. लग्नाचा व्हिडिओ गाण्यासकट इंटरनेटवर टाकणं मात्र त्या सुटीत येत नाही, आणि भाचीची अडचण तीच होती.

शेवटी मावशीने मेथीच्या काड्या पदरातून झटकल्या आणि विचारलं, मग आमच्या भजनी मंडळात मी तिचं गाणं म्हणू की नको? हौशी मंडळ, तिकीट नाही, समोर गल्लीतली माणसं. खुशाल म्हण, मी म्हणालो, यालाही कायद्यात सूट आहे. तिने तिथेच 'ऐरणीच्या देवा' सुरू केलं. दुसऱ्या 'ठिणगी'वर दम पुरला नाही, खोकला आला. तांब्यातलं पाणी प्यायली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला लागली.